गल्ल्यावरून मंत्रालयात: एका पर्यटनमंत्र्याचे प्रकरण

तुर्कस्तानची सहल करून आलेल्या मराठी माणसाला इस्तंबूल, कापादोकिया, पामुक्काले ही नावे तोंडपाठ असतात. फुग्यात बसून काढलेले फोटो तर नातेवाइकांच्या ग्रुपवर वर्षभर फिरतात. पण हा सगळा माल जगाच्या बाजारात मांडणारा माणूस कोण, हे सहसा कुणी विचारत नाही. 2018 पासून तुर्कस्तानचे संस्कृती आणि पर्यटन खाते सांभाळणारे मेहमेत नुरी एरसोय हे मुळात सहली विकणारे व्यापारी. ज्या धंद्यात हयात घालवली, त्याच धंद्याचे ते मंत्री झाले. त्या निर्णयाचे पुढे काय झाले, ते इथे टप्प्याटप्प्याने पाहायचे आहे. मंत्री सार्वजनिक पदावरचे असल्याने त्यांचे नाव घेतले आहे. हॉटेलमालक, खालचे अधिकारी, दुर्घटनेत गेलेली माणसे यांची नावे मुद्दाम टाळली आहेत.

पार्श्वभूमी

एरसोय यांचा जन्म 1968 मधला, इस्तंबूलचा. 1991 मध्ये त्यांनी भावाबरोबर ईटीएस ही सहल कंपनी काढली. ईटीएस म्हणजे 'एरसोय पर्यटन सेवा', म्हणजे आडनाव थेट पाटीवरच. कंपनी वाढत गेली, तसा धंदा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढला. आधी सहली, मग व्हॉयेज आणि मॅक्स रॉयल या नावांची समुद्रकाठची आलिशान हॉटेले, आणि मग विमान कंपनीही. अ‍ॅटलासजेट, म्हणजे पुढची अ‍ॅटलासग्लोबल, याच कुटुंबाच्या हाती आली. गिऱ्हाईक घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत त्याची विमानातली जागा, हॉटेलातली खोली, किनाऱ्यावरची छत्री हे सगळे एकाच गल्ल्यात जमा व्हावे, अशी ही रचना.

देशाची परिस्थिती मात्र बिकट होती. नोव्हेंबर 2015 मध्ये तुर्की हवाई दलाने सीरियाच्या सीमेवर रशियाचे लढाऊ विमान पाडले आणि रशियाने आपल्या पर्यटकांची खास विमाने बंद केली. दक्षिणेकडच्या अंताल्याच्या किनाऱ्याचा मोठा आधार रशियन गिऱ्हाइकाचा. तो एका फटक्यात गेला. पुढच्या जूनमध्ये इस्तंबूलच्या अतातुर्क विमानतळावर हल्ला झाला, जुलैत लष्करी उठावाचा प्रयत्न. 2015 मध्ये 3 कोटी 60 लाखांवर परदेशी पाहुणे आले होते, ते 2016 मध्ये अडीच कोटींवर घसरले. हॉटेले ओस पडली. नंतर पाहुणे परतले, पण स्वस्ताईच्या जोरावर. खाणेपिणे धरून एकच दर लावायचा आणि खोल्या भरायच्या. त्यात गर्दी होते, पैसा हाती फार लागत नाही.

जून 2018 च्या निवडणुकीनंतर तुर्कस्तानात अध्यक्षीय पद्धत सुरू झाली. मंत्री संसदेतून आणण्याची गरज उरली नाही. अध्यक्ष एर्दोआन यांनी जुलैत मंत्रिमंडळ जाहीर केले, तेव्हा त्यात धंद्यातून आलेली माणसे ठळक दिसली. आरोग्याला खासगी रुग्णालयांचे संस्थापक, शिक्षणाला खासगी शाळा काढलेले शिक्षणतज्ज्ञ, व्यापाराला उद्योजिका आणि पर्यटनाला एरसोय. ज्याला धंदा कळतो त्याच्या हाती खाते द्यावे, हा विचार. ऐकायला बिनतोड वाटतो.

अडचण

या मंत्रालयाच्या नावातच दोन खाती आहेत, आणि प्रत्यक्षात कामे तीन. एक, देश विकायचा: जाहिरात, प्रदर्शने, विमान कंपन्यांशी बोलणी. दोन, देश जपायचा: प्राचीन एफेसस शहराचे अवशेष, संग्रहालये, उत्खनने, नाट्यगृहे. तीन, धंदा करणाऱ्यांवर नजर ठेवायची: हॉटेलांना प्रमाणपत्र देणे, तपासणी करणे, चुकला त्याला बंद करणे. नव्या मंत्र्यांच्या गाठीला पहिल्या कामाचा सत्तावीस वर्षांचा अनुभव होता. तिसऱ्या कामात ते इतकी वर्षे समोरच्या बाजूला बसत आले होते. अधिकारी यायचे, आणि कागदपत्रे दाखवणारे हे.

दुसरी अडचण हितसंबंधांची. मंत्री झालेला माणूस सहल कंपनीचा संस्थापक. देशातले कुठलेही बरे हॉटेल त्या कंपनीचे एक तर प्रतिस्पर्धी असणार, नाही तर माल पुरवणारे. मंत्रालयाने अंताल्याला विमानफेऱ्या वाढवल्या तरी कुटुंबाच्या हॉटेलांना लाभ, एखाद्या प्रतिस्पर्ध्याला जमीन दिली नाही तरी लाभ. निर्णय शंभर टक्के प्रामाणिक असला तरी बाहेरच्या माणसाने तो तसा आहे हे ओळखायचे कशावरून?

समोरचे पर्याय

अध्यक्षांपुढे तीन वाटा होत्या. पक्षातला मुरलेला पुढारी, खात्यात आयुष्य घालवलेला नोकरशहा किंवा धंद्यातला माणूस. पुढाऱ्याला धंदा शिकायला दोन वर्षे लागली असती; नोकरशहाला नियम पाठ, पण म्युनिक किंवा मॉस्कोच्या सहल कंपनीचा मालक कुठल्या महिन्यात पुढच्या उन्हाळ्याच्या खोल्या धरतो, हे त्याच्या हाडात नसते. तुर्की चलन लिरा 2018 च्या सुरुवातीपासूनच घसरत होता. तुर्कस्तान परदेशी पाहुण्यांना आणखी स्वस्त झाले आणि सरकारला परकीय चलनाची निकड लागली. अशा वेळी तिसरी वाट सोपी वाटली तर नवल नाही.

खरा निर्णय मात्र एरसोय यांच्यापुढे होता, आणि त्यावर त्या वेळी फारशी चर्चाच झाली नाही. कंपनीचे काय करायचे? एक म्हणजे विकून टाकायची. दुसरे, मंत्रिपदावर असेपर्यंत ती परक्या विश्वस्ताकडे सोपवायची. त्याने काय केले हे मालकालाही कळू नये, अशा अटीवर. तिसरे, कारभारातून स्वतः बाजूला व्हायचे आणि धंदा घरच्यांकडे ठेवायचा. आणखी एक साधा उपाय होता: कंपनी असो कुणाकडेही, पण तिच्याशी संबंध येईल अशी प्रत्येक फाइल मंत्र्यांऐवजी दुसऱ्या कुणाकडे जाईल, असा लेखी नियम करायचा.

घडले ते तिसरे. धंदा कुटुंबाच्या वर्तुळातच राहिला, आणि विरोधक पुढची सगळी वर्षे हाच धागा ओढत राहिले. मला इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. या पर्यायाचा तोटा मंत्र्यांनाही झाला. घरचा धंदा घरात ठेवला की चांगल्या निर्णयालाही खुलासा चिकटतो.

अ‍ॅटलासग्लोबलचे उदाहरण घ्या. मंत्र्यांच्या भावाच्या हाती असलेली ही विमान कंपनी नोव्हेंबर 2019 मध्ये अडखळली, डिसेंबरात पुन्हा उडाली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये दिवाळखोरीत गेली. मंत्री घरातला असून विमाने जमिनीवर आली ती आलीच. हितसंबंधांच्या आरोपाला यापेक्षा सरळ उत्तर कुठले? पण रचनाच अशी होती, की हे उत्तरही कुणाच्या ध्यानात राहिले नाही.

काय केले

पहिल्या वर्षात त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने दुकान मांडले. तुर्कस्तानची जाहिरात तोवर सरकारी अंदाजपत्रकातून चालायची. पैसे कधी मिळायचे, कधी अडकायचे. जुलै 2019 मध्ये कायदा करून पर्यटन प्रचार आणि विकासासाठी स्वतंत्र संस्था उभी झाली, तिचे तुर्की लघुरूप टीजीए. हॉटेले, उपाहारगृहे, सहल कंपन्या यांनी आपल्या उलाढालीचा एक छोटा वाटा, टक्क्याहूनही कमी, या संस्थेला द्यायचा. अध्यक्षपदी स्वतः मंत्री, मंडळात धंद्यातली माणसे. ज्याच्या जाहिरातीचा फायदा त्यानेच खर्च उचलावा, हा हिशेब चोख होता. नफ्यावर न लावता उलाढालीवर लावल्याने तोट्यातल्या हॉटेलालाही तो भरावा लागतो, ही कुरकूर होती. तरी वर्षाकाठी ठरलेला पैसा हाती असणे म्हणजे काय, ते पुढच्या संकटात कळले.

त्याच सप्टेंबरात ब्रिटनची सहल कंपनी थॉमस कुक बुडाली. एकवीस हजारांवर पाहुणे त्या क्षणी तुर्कस्तानात होते आणि हॉटेलवाल्यांची बिले कंपनीकडे थकलेली. काही हॉटेले पाहुण्यांकडे पैसे मागू लागतील, ही भीती खरी होती. मंत्रालयाने पाहुण्यांना त्रास देऊ नका, अशी तंबी दिली आणि अडकलेल्या व्यावसायिकांसाठी कर्जाची सोय करण्याची घोषणा केली. इथे धंद्यातला माणूस कामी आला. सहल कंपनी बुडते तेव्हा आधी कुणाचा श्वास कोंडतो, ते त्याला शिकवावे लागत नाही.

2020 च्या महासाथीत त्यांनी 'सुरक्षित पर्यटन प्रमाणपत्र' काढले. स्वच्छता, अंतर, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यांची तपासणी बाहेरच्या स्वतंत्र संस्थांनी करायची आणि ती वारंवार करायची. हॉटेलच्या दारातला कोड मोबाइलने टिपला की पाहुण्याला तपासणीची माहिती दिसे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

2021 च्या मे महिन्यात तोल गेला. देशात कडक टाळेबंदी होती. तुर्की नागरिक घरात आणि परदेशी पाहुणे समुद्रकिनारी. अशा वेळी टीजीएच्या एका जाहिरातीत हॉटेलचे कर्मचारी पिवळे मास्क लावून पाहुण्यांची सेवा करताना दिसले आणि मास्कवर इंग्रजीत लिहिलेले, 'मजा करा, माझी लस झाली आहे'. घरात कोंडलेल्या लोकांनी ते पाहिले आणि संताप उसळला. जाहिरात मागे घ्यावी लागली. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती घालवायची, तर वेटरच्या तोंडावरच उत्तर लिहा. विक्रेत्याच्या डोक्याने पाहिले तर कल्पना चूक नव्हती. पण मंत्री फक्त गिऱ्हाइकाचा नसतो, त्या वेटरचाही असतो.

व्यापारी डोके कुठे उपयोगी पडले, याचे माझ्या मते सर्वांत बोलके उदाहरण इस्तंबूलच्या हागिया सोफियाचे. जुलै 2020 मध्ये न्यायालयाने या वास्तूचे संग्रहालय करणारा 1934 चा निर्णय रद्द केला आणि वास्तू पुन्हा मशीद झाली. तो निर्णय एरसोय यांच्या खात्यापेक्षा फार वरचा. मशिदीला तिकीट नसते, म्हणून सगळ्यांना प्रवेश मोफत झाला आणि आत रेटारेटी सुरू झाली. जानेवारी 2024 पासून नमाज पढणाऱ्यांना तळमजला मोफत आणि परदेशी पाहुण्यांना वेगळ्या दाराने वरच्या सज्ज्यात 25 युरो, अशी वाटणी केली. दोन प्रकारचे लोक, दोन दारे, दोन दर. पटो न पटो, हिशेब पक्क्या व्यापाऱ्याचा आहे.

2021 चा कायदा

या प्रकरणातला कळीचा टप्पा गाजावाजा न होता पार पडला. 28 जुलै 2021 रोजी पर्यटन प्रोत्साहन कायद्यातल्या दुरुस्त्या राजपत्रात आल्या. योगायोग असा, की त्याच दिवशी अंताल्या प्रांतातल्या मानवगातच्या जंगलात वणवा पेटला आणि पुढचे काही दिवस देशाचे लक्ष तिकडेच राहिले. पर्यटन क्षेत्रांतल्या जमिनींबाबत मंत्रालयाचे अधिकार वाढले, यावर बराच वाद झाला. दुसऱ्या तरतुदीकडे मात्र कमी जणांनी पाहिले. तोवर कित्येक छोटी-मध्यम हॉटेले नगरपालिकेच्या परवान्यावर चालत. आता राहण्याची सोय करणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला मंत्रालयाचे पर्यटन प्रमाणपत्र सक्तीचे झाले.

म्हणजे देशभरातल्या हॉटेलांची किल्ली एका ठिकाणी आली. एकाच खिडकीवर काम होते, म्हणून धंदेवाल्याला हे सोयीचेच. पण आगीपासून सुरक्षिततेची तपासणी मात्र जिथल्या तिथल्या अग्निशमन दलाकडेच राहिली. हॉटेल चालवायची मुभा कोण देतो? मंत्रालय. आगीत जिन्यात धूर शिरतो की नाही ते कोण पाहतो? दुसरेच कुणी. त्या दुसऱ्याने पाहिले नाही तर पहिला ते विचारणार का, हा प्रश्न कायद्यात मोकळाच राहिला.

कार्तालकाया

21 जानेवारी 2025. बोलू प्रांतातल्या कार्तालकाया या बर्फाच्या डोंगरावरचे बारा मजली हॉटेल. शाळांना सहामाहीची सुट्टी लागलेली, त्यामुळे मुलाबाळांसह कुटुंबे आलेली. दोनशेहून अधिक पाहुणे. पहाटे साडेतीनच्या सुमारास उपाहारगृहाच्या मजल्यावर आग लागली. वाचलेल्यांनी सांगितले की धोक्याची घंटा वाजली नाही, जिन्यात धूर भरला होता. पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. लोक चादरी बांधून खिडक्यांतून उतरायला लागले, काहींनी उड्या मारल्या. 78 जण गेले. त्यांत तीसहून अधिक मुले होती.

दुसऱ्या दिवसापासून वाद सुरू झाला तो जबाबदारीचा. मंत्र्यांचे म्हणणे, हॉटेलला अग्निशमनाचा दाखला होता, दलाकडून आमच्याकडे काही प्रतिकूल आले नव्हते आणि ते काम दलाचे. बोलूची नगरपालिका विरोधी पक्षाची. तिचे म्हणणे, हॉटेल आमच्या हद्दीबाहेर आहे, प्रमाणपत्र मंत्रालयाचे, जबाब त्यांनी द्यावा. चौकशीत हेही निघाले की काही आठवड्यांपूर्वी हॉटेलने अग्निशमन तपासणीसाठी अर्ज केला होता. त्रुटी निघाल्या, आणि हॉटेलने अर्जच मागे घेतला. अर्ज मागे घेतला की फाइल बंद. त्रुटी इमारतीत तशाच, पाहुण्यांच्या खोल्यांची विक्री चालूच.

आपल्याकडच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. मुंबईत 2017 च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या आगीत 14 जण गेले, तेव्हाही परवाना कुणी दिला आणि तपासणी कुणी केली यावर असेच बोट दुसऱ्याकडे गेले होते. गोव्यात हडफड्याच्या क्लबला 2025 च्या डिसेंबरात आग लागली, तेव्हा पंचायत, खाते आणि मालक हाच खेळ पुन्हा दिसला.

एरसोय यांच्यापुढे त्या आठवड्यात पुन्हा पर्याय होते. राजीनामा देणे. राजीनामा न देता आपल्याच खात्याच्या प्रमाणपत्र विभागाची बाहेरच्या माणसांकरवी चौकशी लावणे. किंवा कायद्याचा मजकूर दाखवून जबाबदारी आमची नाही, असे सांगणे. त्यांनी तिसरा धरला. कायद्याच्या अक्षराने त्यांचे म्हणणे टिकण्यासारखे असेलही. पण चार वर्षांपूर्वी हॉटेलांची किल्ली मागून घेणारेही तेच खाते होते, आणि नातेवाइकांना नेमके तेच खुपले.

निष्पत्ती

आकड्यांत पाहिले तर कारकीर्द यशाची आहे. 2019 मध्ये साडेचार कोटी परदेशी पाहुणे आले, महासाथीच्या 2020 मध्ये सव्वा कोटीच्या आसपास, आणि 2024 मध्ये सव्वापाच कोटींच्या वर. परदेशातून सुट्टीला येणारे तुर्की नागरिक धरून 2024 मध्ये पर्यटनातून 61 अब्ज डॉलर मिळाले. जून 2023 मध्ये नवे मंत्रिमंडळ आले तेव्हा जुन्यातले दोनच मंत्री राहिले, आरोग्याचे आणि हे. पुढच्या वर्षी आरोग्यमंत्रीही गेले. 2018 च्या इतर व्यापारी मंत्र्यांपैकी व्यापारमंत्री तर 2021 च्या एप्रिलमध्येच गेल्या. त्यांच्या कुटुंबाच्या कंपनीकडून मंत्रालयाने जंतुनाशक घेतल्याचे उघड झाले होते. हे उदाहरण डोळ्यांसमोर घडूनही, घरच्या धंद्याबाबत मंत्र्यांसाठी कायमचा लेखी नियम व्हावा, असे कुणाला वाटलेले दिसले नाही.

कार्तालकायाचा खटला जुलै 2025 मध्ये सुरू झाला, आरोपी 32. ऑक्टोबरच्या अखेरीला निकाल लागला. हॉटेलमालकासह अकरा जणांना जन्मठेप झाली; दोषींत नगरपालिका आणि अग्निशमन दलाचे अधिकारीही आले. मंत्रालयातल्या लोकांनाही कोर्टात उभे करा, ही नातेवाइकांची मागणी निकालानंतरही कायम होती.

भारताशी संबंध आला तो वेगळ्याच कारणाने. 2024 मध्ये सव्वातीन लाखांच्या घरात भारतीय तिकडे गेले होते, बोद्रुम-अंताल्याला लग्नेही लागत होती. मे 2025 मधल्या भारत-पाक संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली आणि सहली धडाधड रद्द झाल्या. पुण्याच्या मार्केट यार्डात तुर्की सफरचंदेही उठेनात. परराष्ट्र खात्याच्या एका भूमिकेने पर्यटन खात्याची कित्येक वर्षांची मेहनत त्या बाजारात वाया गेली. यावर कुठल्याच पर्यटनमंत्र्याकडे उपाय नसतो, व्यापारी असो वा पुढारी.

वेगळे काय करता आले असते

धंद्यातला माणूस नेमू नये, असे मी म्हणणार नाही. थॉमस कुकच्या आठवड्यात तोच उपयोगी पडला. चूक तीन कामे एका हाती देण्यात होती. विकणे एरसोय यांच्याकडे ठेवून हॉटेलांची प्रमाणपत्रे आणि तपासणी दुसऱ्या खात्याकडे किंवा स्वतंत्र प्राधिकरणाकडे देता आली असती. 2021 मध्ये तर कायदा उघडलेलाच होता. अग्निशमनाचा चालू वर्षाचा दाखला नसेल तर मंत्रालयाचे प्रमाणपत्र आपोआप स्थगित, एवढे एक वाक्य त्यात बसले असते. अर्ज मागे घेतला तरी निघालेल्या त्रुटी मंत्रालयाला कळवल्याच पाहिजेत, हे दुसरे.

कंपनीच्या बाबतीत, 2018 च्या जुलैत विश्वस्ताची सोय केली असती तर पुढची सात वर्षे प्रत्येक फाइलवरचा संशय टळला असता. त्याला खर्च आला असता, कुटुंबाला गैरसोय झाली असती. पण मंत्रिपदाची ती किंमत पहिल्या दिवशी मोजणे नंतरच्यापेक्षा स्वस्त पडते, हे व्यापाऱ्याला पटायला हवे होते.

आणि तो दारातला कोड. 2020 मध्ये याच मंत्रालयाने काही महिन्यांत अशी व्यवस्था उभी केली, की जर्मनीहून आलेल्या पाहुण्याला हॉटेलच्या स्वच्छतेची तपासणी कधी झाली ते उंबऱ्यावरच कळे. यंत्रणा तयार होती, तपासणाऱ्या संस्था तयार होत्या, हॉटेलांना सवयही लागली होती. त्याच कोडमागे आणखी एक रकाना जोडायचा होता: जिना, घंटा, फवारे, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला. महासाथीत हॉटेलच्या दारात आलेल्या पाहुण्याला तिथल्या स्वच्छतेची तपासणी कळण्याची सोय होती. कार्तालकायाच्या दारात आलेल्या आईबापांनी जिन्याविषयी विचारायला कुठे जायचे, ते त्या दारावर लिहिलेले नव्हते.